मोरॅग डॉक्टरचा नकार

मोरॅग गिलख्रिस्ट मॅकाय फ्लॅटला आली ती सहा महिन्यांच्या बोलीवर. गावचा म्हातारा डॉक्टर पाठीच्या दुखण्याने आडवा झाला होता, आणि डनीडनच्या इस्पितळातल्या वरिष्ठांनी 'तू साउथलंडचीच, तुला थंडीचं काय कौतुक' म्हणून तिला धाडून दिलं होतं. साल १९८८. म्हातारा पुन्हा उभा राहिला नाही आणि मोरॅग परत गेली नाही. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या इवनशी तिने लग्न केलं, दवाखान्यामागच्या घरात संसार मांडला, आणि बघता बघता चौतीस वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. पंचक्रोशीत दुसरा डॉक्टर नव्हता, त्यामुळे त्याचा विचार करायलाही तिला फारसा वेळ मिळाला नाही.

तिचे वडील इन्व्हरकार्गिलजवळच्या कत्तलखान्यात सुरीवर होते. घरात कामापुरतं बोलणं. मोरॅगही तशीच निघाली. तिच्याकडे गोड बोलणं नव्हतं, पण हात होता. इस्पितळात तीन-तीनदा टोचून ज्यांची शीर सापडत नसे, त्यांचं रक्त ती एका झटक्यात काढायची. लॉकी टेल्फर सगळ्यांना सांगत सुटायचा, "आमच्या मोरॅगला डोळे बांधून मेंढीची शीर शोधायला सांगा, सापडेल."

लॉकी तिचा पहिला मित्र म्हटला तरी चालेल. गावापासून तीन किलोमीटरवर त्याचं मेंढ्यांचं रान. ती आली त्या पहिल्याच हिवाळ्यात तिची गाडी गोठलेल्या रस्त्यावरून घसरून खड्ड्यात गेली, तेव्हा ट्रॅक्टर घेऊन आलेला लॉकी काच खाली करून म्हणाला होता, "डॉक्टर, रस्ता या बाजूला आहे." दोन वर्षांनी बर्फाने वाट बंद झाली असताना त्याची मुलगी कर्स्टी मोरॅगच्याच हातावर जन्मली, टेल्फरांच्या स्वयंपाकघरात, शेगडीसमोर. लॉकीची बायको हेदर तेव्हापासून दर शुक्रवारी दवाखान्यात चीज रोलचा डबा पाठवायची.

इवन २०१४ साली गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. मोरॅगने त्याला घरीच ठेवलं, सगळं स्वतः केलं. शेवटच्या दिवसांत एका सकाळी ती त्याची चादर बदलत असताना तो म्हणाला, "मोरॅग, तुझ्या कपाटात असेल ना काहीतरी. संपवून टाक ना आता." तेव्हा असा कायदा नव्हता. ती नाही म्हणाली आणि चादरीचं टोक गादीखाली खोचलं. इवनने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर तो नऊ दिवस जगला, आणि ते नऊ दिवस चांगले नव्हते.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी तिने दवाखाना उघडला. गावाला वाटलं, बाई धीराची. धीराचा काही प्रश्न नव्हता. तिला काही वाटतच नव्हतं. हे आज ना उद्या ओसरेल, मग रडू येईल, असं ती पहिलं वर्षभर धरून चालली होती. मग तिने त्याची वाट बघणं सोडलं.

पुढे देशभर मतदान झालं. मरणाच्या दारातल्या, सोसवत नसलेल्या माणसाने मागितलं तर डॉक्टरने त्याला मरण द्यावं की नाही, असा प्रश्न होता. शाळेच्या हॉलमधल्या टेबलापाशी उभं राहून मोरॅगने 'हो'वर खूण केली. हे तिने कोणाला सांगितलं नाही. वर्षभराने कायदा लागू झाला, आणि हे काम करायला तयार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत नाव घालायचं का, अशी विचारणा आली. तिने तिथल्या तिथे 'नाही' लिहून पाठवलं. दोन्ही वेळा तिला फार विचार करावा लागला नाही.

दवाखाना गावच्या ट्रस्टच्या मालकीचा. ट्रस्टचा अध्यक्ष नेव्हिल ॲडी, शेतीची यंत्रं विकणारा. एका दुपारी तो हातात कागद घेऊन आला, टोपी काढून खुर्चीच्या कडेवर बसला.

"मला तुला काही विचारायचं नाहीये," तो म्हणाला. "वकिलाने बजावलंय, विचारायचं नाही. नाही म्हणालीस म्हणून तुला कामावरून काढता येत नाही, पगार अडवता येत नाही, वाकड्या तोंडाने बघताही येत नाही म्हणे."

"मग?"

"मग काही नाही. पण तू करणार आहेस का?"

"नाही."

नेव्हिलने कागदाची घडी घातली. वकिलाने अजून दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्याही त्याने वाचून दाखवल्या. कोणी मागितलं तर आपण हे करत नाही असं त्याला तोंडावर सांगायचं, आणि दुसरा डॉक्टर मिळायचा तुला हक्क आहे, त्याची चौकशी इथे कर, असं सांगायचं. एवढं केलं की डॉक्टर मोकळा. कारण द्यावं लागत नाही.

त्याच सुमारास लॉकीच्या हातातून वस्तू पडायला लागल्या होत्या. आधी कात्री, मग कप. डनीडनच्या तज्ज्ञांनी नाव सांगितलं: स्नायूंच्या नसा एकेक करून मरत जाणारा आजार, ज्याला औषध नाही. सहा महिन्यांत तो खुर्चीला लागला. जीभ जड झाली. पाणी घट्ट करून चमच्याने द्यावं लागे. पोटात नळी घालायला त्याने साफ नकार दिला. मेंढ्या शेजाऱ्याने बघायला घेतल्या. मोरॅग दर गुरुवारी जायची.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी ती त्याचा रक्तदाब बघत होती. हेदर ओट्यापाशी सलगम सोलत होती.

"मोरॅग, मला ते हवंय," लॉकी म्हणाला. "ते कायद्यातलं."

मोरॅगने त्याच्या दंडावरचा पट्टा सोडला. "मी ते करत नाही, लॉकी. दुसरा डॉक्टर मागायचा तुला हक्क आहे. कुठे फोन करायचा ते लिहून देते."

"करत नाहीस म्हणजे? रजेवर आहेस?"

"नाही. करत नाही."

हेदरची सुरी थांबली होती. तिने विचारलं, "का गं?"

"कारण सांगावं लागत नाही," मोरॅग म्हणाली. हे आपण नेव्हिलच्या कागदावरून वाचल्यासारखं बोललो, हे तिच्या कानांना कळलं, पण वाक्य निघून गेलं होतं.

 लॉकीचं तोंड एका बाजूला हललं. आता तो हसायचा तसा. "मग डनीडनहून माणूस मागवायचा. तीन तास गाडी हाकत येणार बिचारा. वाटेत हरीण आडवं आलं म्हणजे तोच मरायचा आधी."

मोरॅगने नंबर लिहून दिला. हेदरने तो शेगडीवरच्या फळीला चिकटवला. निघताना तिने चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

पुढे अकरा आठवडे गेले. एक डॉक्टर येऊन तपासून गेला, दुसऱ्या डॉक्टरने त्याचं मत पडताळलं, कागद मंजुरीसाठी वेलिंग्टनला गेले, परत आले. शहरात राहणाऱ्याचं याहून लवकर झालं असतं. इथे जो तो दुरून यायचा आणि जून-जुलै हा तिकडचा हिवाळा, रस्त्यांवर बर्फ होतं. मोरॅग आता रोज जात होती. लॉकीचा घसा कफाने भरला की तो यंत्राने ओढून काढायची, पाठीच्या जखमा धुवायची, मॉर्फिनचा डोस बघायची. जूनमध्ये त्याच्या छातीत कफ साठून ताप चढला. तो तसाच सोडला असता तर चार दिवसांत आपोआप सगळं झालं असतं. तिने तसं त्याला स्पष्ट सांगितलं.

लॉकीने मान हलवली. शब्द आता एकेक सुटा यायचा. "नाही. तारीख. ठरलीय. माझी. तोवर. जगव."

तिने त्याच्या डाव्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या जरा मागे एक चांगली शीर शोधली आणि पाच दिवस तिथून औषध दिलं. ताप उतरला.

गावाने मोरॅगच्या नकाराची कारणं आपापली ठरवून टाकली. दुकानात म्हणत, तिला परवाना जायची भीती. कोणी म्हणे, धर्माची आहे ना शेवटी. चर्चचा पाद्री मुद्दाम दवाखान्यात येऊन तिचा हात हातात घेऊन गेला. देवाच्या बाजूने उभं राहिलात, म्हणाला. इवनला पुरल्यापासून मोरॅगने चर्चची पायरी चढली नव्हती. तिने त्याला 'थँक्यू' म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कोणतं कारण खरं हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. इवनला नाही म्हटल्यावर आता लॉकीला हो म्हणायचं, तर ते नऊ दिवस कशासाठी होते, हा प्रश्न तिच्या मनाच्या दाराशी येऊन उभा राहायचा. ती त्याला आत घ्यायची नाही.

तारीख होती बारा जुलै, मंगळवार, सकाळी अकरा. रविवारी हेदरचा फोन आला. "तू ये," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणून नको. अशीच ये."

मंगळवारी दहिवर इतकं पडलं होतं की कुंपणाच्या तारा पांढऱ्या दिसत होत्या. मोरॅग सुपाचं भांडं घेऊन गेली. लॉकीचा पलंग बैठकीत खिडकीपाशी आणून ठेवला होता. कर्स्टी क्राइस्टचर्चहून आली होती, पाच महिन्यांची गरोदर, बापाच्या पायांशी बसलेली. डनीडनचे डॉक्टर पराता आणि त्यांची नर्स आधीच पोचले होते. पराता हळू आवाजात बोलणारा, पन्नाशीचा माणूस. त्याने लॉकीला कायद्याप्रमाणे शेवटचं विचारलं, तुम्हाला हे आजच हवंय का. लॉकी म्हणाला, "हो." तो एक शब्द अगदी स्वच्छ आला.

मग शीर सापडेना. आजारात शिरा आत बसल्या होत्या, त्यातून खोली थंड. उजव्या कोपरात दोनदा टोचून झालं. डाव्या हाताच्या पाठीवर एकदा. नर्सने गरम पाण्याचा टॉवेल गुंडाळला, काढला, पुन्हा प्रयत्न झाला. लॉकीच्या कातडीखाली जांभळे डाग उमटत गेले. तो कण्हत नव्हता, पण दर खेपेला त्याचे डोळे गच्च मिटायचे.

कर्स्टीच सरळ मोरॅगकडे वळून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही घाला ना. तुम्हाला जमतं. नुसती सुई. बाकी सगळं हे करतील."

 मोरॅग दाराजवळ उभी होती. तिथून तिला लॉकीचं डावं मनगट दिसत होतं, आणि जूनमधली ती शीर, टॉवेलच्या उबेने किंचित वर आलेली. तिला सुई हातात घ्यायचीही गरज नव्हती. बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

"त्यांना आग्रह करू नका," पराता म्हणाला. ते तो मोरॅगला वाचवायला म्हणाला, खोचून नव्हे. "त्यांनी नकार दिलेला आहे. त्यांच्यावर कसलंही बंधन नाही."

"नुसती सुई मागतेय मी," कर्स्टी म्हणाली.

 आपले हात कोटाच्या खिशात आहेत आणि ते बाहेर येत नाहीयेत, एवढंच मोरॅगला जाणवलं. हे ठरवून नव्हतं. हातांत जीव नव्हताच, झोपेत अंगाखाली आलेल्या हातात नसतो तसा.

तेव्हा लॉकी बोलला. "मोरॅग. कुत्री." त्याने दम घेतला. "उपाशी आहेत. बघ जरा."

सगळ्यांना कळलं तो काय करतोय ते. मोरॅग जवळ गेली, त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो म्हणाला, "जा." ती मागच्या दाराने बाहेर पडली.

कुत्र्यांचे पिंजरे लोकर कापायच्या शेडमागे होते. तिने डब्यातले मटणाचे तुकडे काढले, ते गोठून एकमेकांना चिकटले होते. ते कुऱ्हाडीच्या पाठीने फोडले, तिन्ही कुत्र्यांना वाटले, पाण्याच्या घमेल्यांवरचा बर्फ काढून टाकला. मग करायला काही उरलं नाही, म्हणून ती पिंजऱ्याच्या जाळीला टेकून उभी राहिली. कुत्री खात होती. बारा वाजायला आले तेव्हा हेदर बाहेर आली आणि म्हणाली, "झालं. शेवटी पायात मिळाली." दोघी थोडा वेळ तिथेच थांबल्या. हेदर रडत होती. मोरॅगने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग त्या आत गेल्या आणि मोरॅगने सूप गरम केलं.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या वेलिंग्टनच्या कार्यालयातून पत्र आलं. कर्स्टीने तक्रार केली होती. एप्रिलमधल्या नकाराबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. माझ्या वडिलांना दुसरे लोक वीस मिनिटं टोचत राहिले आणि डॉ. गिलख्रिस्ट यांनी समोर उभं राहून बघण्याशिवाय काही केलं नाही, असं तिने लिहिलं होतं. विम्याच्या वकिलाने मोरॅगच्या वतीने चार ओळींचं उत्तर तयार केलं. मोरॅगने वाचून सही केली. उत्तरात खोटं काही नव्हतं. शिरेबद्दल त्यात काही नव्हतं, कारण ती तिला दारातून दिसत होती हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

निकाल यायला नऊ महिने लागले. डॉ. गिलख्रिस्ट यांनी कायद्याने सांगितलेलं सगळं केलं, कायद्याने न सांगितलेलं करायला त्या बांधील नव्हत्या, त्यांच्याकडून कसलाही भंग झालेला नाही. नेव्हिल ॲडी केक घेऊन आला.

"सुटलीस बाई," तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं."

मोरॅगने त्याला चहा करून दिला. केक चांगला होता, हे तिला कळलं. आपण कशातून सुटलो ते तिला नेमकं आठवावं लागलं.

हेदर रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर तीन महिन्यांनी येत राहिली. मेंढ्यांच्या पिल्लांचं बोलायची, हवेचं बोलायची. चीज रोलचा डबा बंद झाला होता, पण एकदा ती जाता जाता म्हणाली, "त्याला राग नव्हता तुझा. मला होता. आता रोज नसतो." मोरॅगने पुढची तारीख लिहून दिली.

कर्स्टी आणि तिचा नवरा पुढच्या वर्षी रानावर राहायला आले. कर्स्टी पोराला घेऊन पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात जायची. सगळ्या गावाला माहीत होतं, कोणी काही म्हणत नव्हतं. पण २०२४च्या मार्चमध्ये, दीड वर्षाच्या पोराला एकशे तीन ताप भरला आणि तो कान ओढून ओढून रडायला लागला, तेव्हा तिने गाडी मॅकाय फ्लॅटच्या दवाखान्यासमोर थांबवली.

मोरॅगने पोराला कर्स्टीच्या मांडीवर आडवं धरायला लावलं आणि कानात बघितलं. पडदा लाल होऊन फुगला होता. ती औषध लिहून देत असताना कर्स्टीच बोलली.

"तक्रार मी केली होती."

"हो, तुझं नाव होतं त्यावर."

"तुमच्या उत्तरात काहीच नव्हतं. मी दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, काहीतरी कारण लिहाल. देवाचं, नाहीतर कसलं तरी. म्हणजे मला पुरतं रागावता तरी आलं असतं."

मोरॅगने पेन खाली ठेवलं. "कर्स्टी, मला शीर माहीत होती," ती म्हणाली. "डाव्या मनगटावर. जूनमध्ये मीच वापरली होती. दारातून दिसत होती मला. मी सांगितलं नाही."

पोराचं रडणं आता दमून हुंदक्यांवर आलं होतं. कर्स्टीने त्याचं डोकं खांद्याला धरलं. तिचा चेहरा कसा झाला ते मोरॅगने बघितलं. आरडाओरडा होईल, असं तिला वाटलं, आणि तो झाला असता तर बरं वाटलं असतं, असंही वाटलं.

"का नाही सांगितलं?"

"नाही माहीत. खरंच नाही माहीत. मी शोधलं."

"हे तुम्ही आईला सांगितलंय?"

"नाही. तू सांगितलंस तरी चालेल. नव्याने तक्रार केलीस तरी चालेल."

"ते काय म्हणतील?"

"तेच म्हणतील. सांगायला बांधील नव्हत्या."

 रस्त्यावरून मेंढ्या भरलेला ट्रक गेला, काचा थरथरल्या. कर्स्टीने हात पुढे करून औषधाची चिठ्ठी घेतली आणि वाचली.

"हे जेवणाआधी की नंतर?"

"नंतर. दिवसातून तीनदा, सात दिवस. बरा वाटला तरी मध्येच थांबवू नकोस."

"आणि पुन्हा दाखवायला?"

"सोमवारी आण. आणणार असलीस तर."

"बघते," कर्स्टी म्हणाली. पोराला टोपी घातली, त्याचा एक बूट खुर्चीखाली गेला होता तो वाकून काढला, आणि निघून गेली.

बाहेर एक लोकर कापणारा गडी हाताला फडकं गुंडाळून बसला होता. यंत्राचं पातं अंगठ्याखाली लागलं होतं. मोरॅगने त्याला आत घेतलं, जखम धुतली, सात टाके घातले. तो गावात नवा होता, सारखा बोलत होता, उत्तरेकडे किती ऊन असतं ते सांगत होता. ती ऐकत होती.